भरलेला वर्ग

व्हर्ना स्टिडहॅमला वाटलं होतं, वर्गाला अठरा नावं आली हे ऐकून हर्शेल तिची पाठ थोपटेल. हर्शेलनं हातातला कॉफीचा पेला खाली ठेवला, चष्मा कपाळावर चढवला आणि तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"अठरा," तो म्हणाला. "तुला वेड लागलंय का गं?"

"का? दहा लागतात म्हणाले होते ना?"

"दहा लागतात. अठरा कोणी सांगितले होते?"

हे चाललं होतं तासिकेवरच्या मास्तरांच्या खोलीत. खोली म्हणायची आपली. बिघडलेलं झेरॉक्स मशीन, नाताळची प्लॅस्टिकची झाडं, पाय मोडलेल्या खुर्च्या, आणि त्या पसाऱ्यात सात-आठ मास्तरांनी आळीपाळीनं टेकायचं एक टेबल. कायम नोकरीवाल्यांना वरच्या मजल्यावर खिडकीसकट एकेक खोली. आमच्या डोंगरातल्या या कॉलेजात तुमची पायरी कोणती, हे कुणी तोंडानं सांगत नाही, नुसती किल्ली हातात देतात. व्हर्नाच्या हातात तर किल्लीही दिलेली नव्हती.

खाणी बंद पडल्या तशी इथली माणसं गेली, माणसं गेली तसं काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं, हॉस्पिटल आटत गेलं, आणि मे महिन्यात त्यांनी रक्ततपासणीचा विभागच गुंडाळला. व्हर्नानं तिथं बावीस वर्षं रक्त काढलं होतं. तान्ह्या बाळांचं, खाणीत फुप्फुसं काळी करून आलेल्या म्हाताऱ्यांचं, नशेच्या गोळ्यांच्या नादी लागून शिरा जाळून घेतलेल्या पोरांचं. आता तिच्यासमोर दोन वाटा होत्या. एक, दोन काउंट्या पलीकडे कोंबड्यांच्या कारखान्यात थंड पाण्यात हात घालून दिवसभर उभं राहायचं. दुसरी, कॉलेजातल्या रक्त काढण्याच्या कोर्सवर मास्तरीण व्हायचं. कॉलेजनं सांगितलं, दहा नावं झाली तर वर्ग तुझा, नाही झाली तर वर्ग रद्द.

मग काय, बाई सगळा उन्हाळा पायाला भिंगरी लावून फिरली. चर्चमध्ये मासे तळायचा कार्यक्रम असला की तिथं, कपडे धुवायच्या दुकानात, धान्यवाटपाच्या रांगेत. जो भेटेल त्याला, "हाताला काम देते, चल." पन्नाशीला आलेल्या व्हर्नाला आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट इतकी मनापासून हवीशी वाटत होती. शिकवायची कल्पना तिला रात्री झोपू देत नव्हती.

"नीट ऐक," हर्शेल म्हणाला. तो चौदा वर्षं तासिकेवर गणित शिकवत होता, आणि या इमारतीत कुणी शिंकलं तरी का शिंकलं ते त्याला ठाऊक असायचं. "कायम मास्तराचा स्वतःचा वर्ग भरला नाही, तर तो आपल्यातल्या कुणाचाही उचलू शकतो. पहिल्या शुक्रवारी दुपारी बारापर्यंत. कारण द्यावं लागत नाही."

"माझा वर्ग? मी गोळा केलेला?"

"तू गोळा केलास म्हणूनच. दहाला वर्ग चालतो, पण कायमवाल्यांच्या वर्कलोडमध्ये, म्हणजे ठरलेल्या तासांत, धरायला पंधरा लागतात. म्हणून आपण शहाण्यासारखं अकरा-बारावर थांबायचं. माझा वर्ग बघ, शनिवारी सकाळी सातला, तळघरात, शेजारी बॉयलर. चौदा वर्षांत कुणी हात लावलेला नाही. आणि तू? मंगळवार ते शुक्रवार, सकाळी दहा, अठरा डोकी. ताटात वाढून ठेवलंस की."

"पण इथं रक्त काढायला येतं कुणाला?"

"ग्लेनिस रॅटलिफ. तिच्या वर्गाला सहा आलेत." हर्शेलनं कॉफीचा घोट घेतला. "सुई शेवटची कधी धरली, ते तिलाही आठवत नसेल. पडद्यावर चित्रं दाखवते आणि परीक्षेला पाठवते. निम्मे नापास होतात."

व्हर्नानं नावांची यादी उघडली. मग म्हणाली, "मी मुलांनाच सांगते सगळं. चौघांना म्हणते, नाव काढा, जानेवारीत परत या."

"तसं एकानं केलं होतं. पोरांनी कचेरीत जाऊन विचारलं, हे काय आहे म्हणून. त्याला परत कधी वर्ग मिळाला नाही. मुलांना कळता कामा नये. ती आपणहून गेली पाहिजेत." हर्शेलनं पेला उचलला. "शुक्रवारी बाराला चौदाच राहू देत. मग त्यांच्यावर हवी तेवढी माया कर."

मंगळवारी व्हर्ना वर्गात गेली तेव्हा ग्लेनिस रॅटलिफ आधीच मागच्या बाकावर बसलेली होती. साठीची, केस कडक फवारलेले, मांडीवर रुमाल पसरून खारी बिस्किटं खात होती. व्हर्नानं नावं घेतली तेव्हा बाई प्रत्येक "हजर"ला मान डोलवत होती. बाजारात कोंबड्या मोजून घेतात तशी. तासभर व्हर्ना जीव तोडून बोलली. शीर डोळ्यांनी शोधायची नसते, बोटानं शोधायची असते, हे सांगताना तिनं स्वतःच्या कोपरावर बोट फिरवून दाखवलं, आणि पोरं कान टवकारून ऐकत होती. ते बघून तिला आनंद व्हायला हवा होता. तिची नजर मागच्या बाकावर गेली.

तास संपल्यावर ग्लेनिसनं तिला दारातच गाठलं. "छान भरवलायस हो वर्ग."

"तुम्हाला काही हवं होतं का, मिसेस रॅटलिफ?"

"छे गं. बघायला आले होते. माझ्याच्यानं नाही बाई होत असं दारोदार फिरणं." तिनं रुमालातला चुरा कचऱ्याच्या डब्यात झटकला. "तू केलंस, बरं केलंस. कुणाच्या तरी उपयोगी पडेल."

"मला उपयोगी पडावा म्हणून केलंय."

"नवीन आहेस," ग्लेनिस म्हणाली, आणि तिच्या गालावर बोट टेकवून गेली. गालावर, लहान पोरीला करतात तसं. व्हर्नाच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या दिवशी घरी जाऊन तिनं घेवड्याचं सूप ढवळता ढवळता भांड्याशीच भांडण काढलं, आणि जेवली नाही.

बुधवारी वर्गात जी व्हर्ना आली ती कालची नव्हती. तिनं दार लावलं आणि बसा म्हणायच्या आधीच सुरुवात केली.

"काल मी गोड बोलले. आता खरं सांगते. तुमच्यातल्या निम्म्यांना हे जमणार नाही. सुई लागून रोग होतात. रोगी अंगावर ओकतात, थोबाडीत मारतात. मी बावीस वर्षांत दोन दात गमावलेत. शुक्रवारी दुपारपर्यंत नाव काढलंत तर फी पूर्ण परत मिळते. नंतर एक दमडी नाही. विचार करा."

दात तिचे शाबूत होते, पण दाखवा म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

मग तिनं एकेकाला रबरी हातासमोर उभं केलं. रबरी हात म्हणजे सरावाचा, आत लाल पाणी भरलेला. कुणी पट्टा सैल बांधला की, "बुटाची नाडी बांधतोयस का?" कुणी सुई धरताना अडखळलं की, "हा तर नुसता रबर आहे, याला दुखत नाही, आणि तुझी ही तऱ्हा." प्रिचर्ड आडनावाच्या दोघी बहिणी शेजारी शेजारी बसायच्या, एकमेकींच्या कानात बोलायच्या. व्हर्नानं त्यांना सगळ्यांसमोर उभं करून विचारलं की दोघींत मिळून एक डोकं आहे की तेही उधार आणलंय. धाकटीचे डोळे भरून आले. थोरलीनं तिचा दंड धरला, दोन्ही पिशव्या उचलल्या आणि दारातून मागं वळून म्हणाली, "चर्चमध्ये मासे वाढताना तुम्ही किती गोड होता, मिस व्हर्ना. तेव्हाच कळायला हवं होतं."

सोळा उरले.

व्हर्नाला वाटलं होतं, हे अवघड जाईल. तेवढं अवघड गेलं नाही, आणि ते तिला आवडलं नाही. बोलायला लागल्यावर एकातून एक सुचत गेलं. गुरुवारी रॉनीची पाळी आली. खाणीतून निघालेला हा दांडगा गडी, बोटं काकडीसारखी. ती म्हणाली, "या बोटांनी लहान बाळाचा हात धरशील तर मोडून ठेवशील. तू इथं काय करतोयस?" रॉनीनं सुई ट्रेमध्ये ठेवली. मग शांतपणे हातमोजे काढले.

"बाई," तो म्हणाला, "माझ्या डोक्यावर एकदा छत कोसळलं होतं. पण जमिनीखालीसुद्धा कुणी माझ्याशी असं बोललं नाही."

पंधरा. पंधरा म्हणजे ग्लेनिसच्या ताटात नेमकं पडायला पुरेसे. संध्याकाळी हर्शेल पार्किंगमध्ये भेटला आणि त्यानं आकडा विचारला. व्हर्नानं सांगितल्यावर म्हणाला, "एकच गं. एक तर कुणीही जाईल."

"कुणीही नाही जात," व्हर्ना चिडून म्हणाली. "उरलेत ते सगळे कडक आहेत. आज मी त्यांना नाही नाही ते बोलले, ते दात ओठ खाऊन बसले. कालपेक्षा बरी सुई धरतायत मेले."

"चांगला वर्ग आहे म्हणजे."

"अतिशय चांगला आहे."

"मग उचलणार ती," हर्शेल म्हणाला आणि गाडीत बसला.

शुक्रवारी सकाळी ग्लेनिस पुन्हा आली. आज ती बसली नाही, दाराच्या चौकटीला टेकून राहिली, बगलेत कसलीशी फाइल. वर्गात पाऊल टाकताना व्हर्नानं चेहरे बघितले. पंधरा चेहरे, तिच्याकडे भीतीनं आणि रागानं बघणारे, आणि तरी आलेले. कुणाला ढकलायचं? पहिल्या रांगेतला टकलू पोस्टमन तर तिला शिव्या घालण्यासाठीच रोज यायचा. मधल्या रांगेतल्या तिघी नर्सिंगच्या प्रवेशासाठी आल्या होत्या, त्या मेल्या तरी हलल्या नसत्या. तिची नजर फिरत फिरत शॉनावर येऊन थांबली. तिला ती थांबवायची नव्हती.

शॉना नेपियर सव्वीसची होती, पेट्रोल पंपावरच्या दुकानात बटाट्याच्या फोडी आणि कोंबडी तळायची. दोन मुलं, नवरा कुठं तरी टेनेसीत. व्हर्नानं तिला कपडे धुवायच्या दुकानात गाठलं होतं. शॉना तेव्हा म्हणाली होती, मला नाही जमायचं, शाळेत मास्तर मला मठ्ठ म्हणायचे, चारचौघांत, आणि ते खरंच होतं. व्हर्नानं तिच्याबरोबर अर्धा तास पलंगपोस घडी करत तिची समजूत घातली होती. त्या दिवसापासून शॉना तिच्याकडे देवीकडे बघावं तशी बघायची. दोन दिवस व्हर्ना सगळ्यांवर खेकसली, पण शॉनाला तिनं हात लावला नव्हता. मुद्दाम नव्हता लावला.

"शॉना," ती म्हणाली. "ये पुढं."

शॉना आली. तिनं पट्टा बांधला, बोट फिरवलं, डोळे मिटले, हलकेच दाबून बघितलं आणि सुई आत सरकवली. पहिल्याच फटक्यात लाल पाणी नळीत आलं. व्हर्नानं बावीस वर्षांत अशी बोटं तीन-चार माणसांची पाहिली होती. ही शिकवून येत नाहीत, असतात किंवा नसतात. शॉनानं मान वर केली, चेहरा उजळलेला, आणि फक्त आनंदानं तिचा हात जरासा थरथरला.

"हात थरथरतोय," व्हर्ना म्हणाली.

"मिस व्हर्ना, लागली ना बरोबर?"

"नशिबानं लागली. आंधळ्यानं दगड भिरकावला तरी एखादा लागतोच." दाराशी ग्लेनिसच्या फाइलची सळसळ ऐकू येत होती. व्हर्ना थांबू शकली असती. तिला आपण थांबू शकतो हे कळत होतं, आणि ती बोलत राहिली. "दोन दिवस मी तुझी कीव केली म्हणून बोलले नाही. असल्या हातांनी माणसाला टोचायचं नसतं. शाळेतल्या मास्तरांनी तुला जे सांगितलं होतं ना, त्यांना काही तुझ्याशी वैर नव्हतं."

पहिल्या रांगेतलं बाक करकरलं. टकलू पोस्टमन म्हणाला, "ए बाई, आता पुरे."

शॉनानं सुई काढली, जशी शिकवली होती तशी, कापसानं दाबून धरली. रबराच्या हाताला. पट्टा सोडला, गुंडाळून ट्रेमध्ये ठेवला. "बरोबर आहे," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. तिनं पर्स घेतली आणि ग्लेनिसला "जरा जाऊ द्या" म्हणून दारातून बाहेर पडली. बारा वाजायच्या आत तिनं कचेरीत जाऊन नाव काढलं.

ग्लेनिसनं वर्गावर नजर फिरवली. मोजायला तिला वेळ लागला नाही. मग तिनं व्हर्नाकडे बघितलं, पहिल्यांदाच नीट, बरोबरीच्या माणसाकडे बघतात तसं.

"चौदा," ती म्हणाली.

"चौदा," व्हर्ना म्हणाली.

"लवकर शिकलीस. मला दोन वर्षं लागली होती." आणि ती गेली. दुपारी कळलं की तिनं तासिकेवरच्याच दुसऱ्या एका तरुण मास्तराचा आरोग्यशास्त्राचा वर्ग उचलला. तो पोरगा तळमजल्यावरच्या खोलीत खोकी भरत होता. हर्शेलनं व्हर्नासाठी कॉफी आणून ठेवली होती, आणि वर एक डोनटही. तिनं डोनट तसाच टेबलावर ठेवला.

तीनच्या सुमारास ती पेट्रोल पंपावर गेली. काउंटरमागं शॉना उभी होती, डोक्यावर जाळी, पुढं तेलाची कढई खळखळत होती. दोन ट्रकवाले बटाटे घेऊन बाजूला झाले आणि व्हर्ना पुढं आली.

"काय देऊ?" शॉनानं विचारलं.

"मी खोटं बोलले," व्हर्ना म्हणाली. तिनं सगळं एका दमात सांगून टाकलं. पंधराचा नियम, ग्लेनिस, उचलायची पद्धत, प्रिचर्ड बहिणी, रॉनी. "तुझ्यासारखे हात मी उभ्या आयुष्यात चार वेळा पाहिलेत. जानेवारीत परत ये. पहिलं नाव तुझं लिहीन. वाटलं तर फी मी भरते."

शॉनानं झाऱ्यानं बटाटे हलवले. तिला समजायला वेळ लागत होता असं नाही. ती एकेक गोष्ट नीट ठेवून बघत होती.

"म्हणजे एकालाच घालवायचं होतं आज."

"हो."

"पंधरा होतो आम्ही. मग मीच का?"

व्हर्नानं गाडीत येताना या प्रश्नाची तीन उत्तरं तयार केली होती. तुला परत बोलावणं सोपं होतं. तू लहान आहेस, तुला वेळ आहे. तुझ्यावर मी कधीच चिडले नव्हते, म्हणून सगळ्यांना खरं वाटलं असतं. ती तिन्ही तिनं सोडून दिली. शॉना वाट बघत होती, आणि मागं एक म्हातारा पाव घेऊन रांगेत उभा राहिला होता.

"बाकीच्यांना मी काहीही बोलले असते तरी ते गेले नसते," व्हर्ना म्हणाली. "तू माझ्यावर विश्वास ठेवायचीस."

शॉनानं मान हलवली, जणू एवढंच ऐकायचं होतं. तिनं फोडी कढईतून उपसल्या, जाळीवर निथळत ठेवल्या, वरून मीठ भुरभुरलं. हात अगदी स्थिर होता.

"आता तुम्ही म्हणता माझे हात चांगले आहेत," ती म्हणाली. "सकाळी म्हणालात वाईट आहेत. मी कुठल्या मिस व्हर्नाचं ऐकू?"

"आत्ताच्या. शॉना, देवाशपथ, आत्ताच्या."

"सकाळीही तुम्ही एवढ्याच खऱ्या दिसत होतात." तिनं व्हर्नाच्या खांद्यावरून पलीकडे बघितलं. "या काका, काय देऊ?"

म्हातारा पुढं सरकला. व्हर्ना बाजूला झाली, काउंटरच्या कडेला जरा वेळ उभी राहिली, आणि शॉनानं पुन्हा तिच्याकडे बघितलं नाही तेव्हा गाडीकडे गेली. मंगळवारी दहाला तिला तास घ्यायचा होता. वर्ग आता तिचाच होता.